चेन्नई : कोणत्या शाळेची पायरी चढावी?

महाराष्ट्रात शाळा आणि पाऊस यांचे नाते जुने. नवे दप्तर, नवा रेनकोट आणि पहिल्याच दिवशी भिजलेली वही हे चित्र प्रत्येक घराने पाहिलेले असते. चेन्नईत मात्र शाळा उघडतात त्या रणरणत्या उन्हात. जूनच्या सुरुवातीला उष्मा इतका असतो, की कधीकधी शाळा उघडण्याची तारीखच पुढे ढकलावी लागते. येथला खरा पाऊस येतो दिवाळीच्या आगेमागे, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. तेव्हा सुट्टी मिळते ती पावसाची.

अशा उन्हाळी सकाळी मैलापूरच्या एखाद्या गल्लीत उभे राहिले, तर हे शहर दोन रांगांत शाळेला जाताना दिसते. दारात कोलम काढून झालेला असतो. आतून फिल्टर कॉफीचा वास येत असतो. कोपऱ्यावर पिवळी स्कूलबस येऊन थांबते. टाय, बूट, गळ्यात ओळखपत्र असलेली मुले तिच्यात चढतात. त्याच गल्लीतून, त्याच वेळी, सरकारने दिलेल्या गणवेशातली मुले चालत निघतात. मुलींच्या दोन घट्ट वेण्या रिबिनीने वर बांधलेल्या आणि केसांत मोगऱ्याचा गजरा. दोन्ही रांगांतल्या आयांचे डबे सारखेच, इडली किंवा लिंबूभात. त्यांच्या मनातला प्रश्नही सारखाच असतो. आपण मुलाला योग्य शाळेत घातले ना?

तमिळमध्ये सरकारी शाळेला 'अरसु पळ्ळी' म्हणतात आणि खासगी शाळेला 'तनियार पळ्ळी'. या दोन शब्दांमध्ये कितीतरी घरांची मिळकत, झोप आणि स्वप्ने अडकलेली असतात. प्रश्न मुंबई-पुण्यातही आहेच. पण चेन्नईत त्याला जी वळणे मिळाली आहेत, ती पाहण्यासारखी आहेत.

एका आण्याची थाळी

अण्णा सालैवरून जाताना 'थाउजंड लाइट्स' ही वस्ती लागते. तेथल्या मशिदीत पूर्वी हजार दिवे लावले जात, म्हणून हे नाव. तमिळमध्येही 'आयिरम विळक्कु', म्हणजे हजार दिवेच. या वस्तीतल्या महापालिकेच्या शाळेत १९२० मध्ये एक साधी गोष्ट सुरू झाली. शाळेतल्या मुलांना खायला द्यायचे ठरले. त्या वेळी मद्रास महापालिकेची सूत्रे जस्टिस पक्षाचे नेते पी. त्यागराय चेट्टी यांच्याकडे होती. खरेदीसाठी प्रसिद्ध असलेल्या टी. नगरला, म्हणजे त्यागराय नगरला, त्यांचेच नाव आहे. एका मुलामागे दिवसाला एक आण्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही, अशी अट होती. हेतू सरळ होता. गरिबांची मुले शाळेत यावीत आणि टिकावीत.

ही योजना पुढे १९२५ मध्ये पैशाच्या प्रश्नावरून बंद पडली, मग पुन्हा सुरू झाली. पण कल्पना शहराच्या मनात रुजली होती. १९५४ ते १९६३ या काळात मुख्यमंत्री असलेल्या के. कामराज यांनी शाळेतले जेवण राज्यभर नेले. स्वतः कामराज यांना लहानपणीच शाळा सोडून मामाच्या कापडदुकानात बसावे लागले होते. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी पौष्टिक आहार योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. त्यांनीही पोटासाठी शाळा सोडून नाटक कंपनीचा रस्ता धरला होता. पुढे जेवणात अंडे आले. सप्टेंबर २०२२ पासून प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. उपमा, खिचडी, पोंगल आणि बरोबर भाज्यांचे सांबार.

हा इतिहास शाळेच्या निवडीशी जोडलेला आहे. पहाटे पाचला कामावर निघणाऱ्या बाईला मुलाची न्याहारी शाळेत होते हे कळले, की तिच्या दिवसातला एक तास मोकळा होतो. पुस्तके मोफत, गणवेश मोफत, बसचा पास मोफत. सरकारी शाळा हा तिच्यासाठी संसाराचा आधार असतो.

मग तीच बाई पैसे साठवून मुलाला खासगी शाळेत घालण्याचा विचार का करते?

इंग्रजीची ओढ

याचे उत्तर एका शब्दात आहे : इंग्रजी. चेन्नई हे इंग्रजी शाळांचे फार जुने गाव. १७१५ मध्ये सेंट जॉर्ज किल्ल्यात एक धर्मादाय शाळा निघाली. तीच पुढे सेंट जॉर्जेस स्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. आज इंग्रजी शाळा म्हटले की भरभक्कम फी डोळ्यांपुढे येते. या शहरातली ही जुनी इंग्रजी शाळा मात्र गरीब मुलांसाठी होती.

स्वातंत्र्यानंतर मध्यमवर्गाच्या गरजेतून नव्या शाळा उभ्या राहिल्या. नुंगंबाक्कममधल्या महिला क्लबातील काही गृहिणींनी श्रीमती वाय. जी. पार्थसारथी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये मोजकी मुले घेऊन एक शाळा काढली. तीच पुढे 'पद्म शेषाद्री बाल भवन' म्हणून देशभर गाजली. त्याच्या बरोबरीने 'मॅट्रिक्युलेशन' शाळा वाढल्या. हा खास तामिळनाडूचा प्रकार. एके काळी विद्यापीठांच्या मॅट्रिक परीक्षेशी जोडलेल्या या थोड्याशा शाळा १९७० च्या दशकाच्या अखेरीस राज्य सरकारच्या एका मंडळाखाली आल्या आणि त्यानंतर त्यांची संख्या भराभर वाढत गेली. पेरांबूर असो, नंगनल्लूर असो की तांबरम, दर दोन-तीन गल्ल्यांआड 'मॅट्रिक्युलेशन स्कूल' अशी पाटी दिसू लागली. सीबीएसई नको, सरकारी शाळाही नको, पण इंग्रजी हवी, अशा घरांची ही सोय झाली.

या सोयीची किंमत मे-जूनमध्ये कळते. शाळेची फी, पुस्तके, गणवेश, बसचे पैसे असा सारा खर्च एकदम अंगावर येतो. त्या दिवसांत सोने तारण ठेवून पैसे देणाऱ्या दुकानांत गर्दी होते. आईच्या बांगड्या जूनमध्ये दुकानात जातात आणि पोंगलच्या सुमारास सुटतात, हे अनेक घरांचे वार्षिक गणितच होऊन बसले आहे. फीला आवर घालण्यासाठी राज्याने २००९ मध्ये कायदा केला आणि निवृत्त न्यायमूर्तींच्या समितीने शाळाशाळांची फी ठरवून दिली. तरी वेगवेगळ्या नावांनी घेतल्या जाणाऱ्या पैशांची तक्रार संपलेली नाही.

आणखी एक ओढ होती ती गुणांची. निकाल लागले, की खासगी शाळांच्या भिंतींवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो झळकत. राज्यात पहिला, जिल्ह्यात पहिला, गणितात शंभरपैकी शंभर! नामक्कल जिल्हा यासाठी फार प्रसिद्ध होता. तेथल्या निवासी शाळांत अकरावी-बारावीची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत अभ्यासाला बसवली जात. नामक्कल कुक्कुटपालनासाठीही प्रसिद्ध आहे आणि शाळांच्या जेवणातली अंडीही तेथून येतात. त्यामुळे लोक या शाळांना गमतीने 'ब्रॉयलर शाळा' म्हणू लागले. चेन्नईतले पालकही कर्ज काढून मुलांना तिकडे पाठवत. २०१७ मध्ये सरकारने बोर्डाच्या परीक्षेत क्रमांक जाहीर करणे बंद केले. त्याच वर्षी राज्यातले वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांऐवजी 'नीट' परीक्षेवर होऊ लागले. भिंतीवरच्या फोटोंची जादू ओसरली आणि त्यांच्या जागी 'नीट' शिकवणीच्या जाहिराती आल्या.

मोठी फी म्हणजे मूल सुरक्षित, असेही गृहीत धरता येत नाही. जुलै २०१२ मध्ये तांबरमच्या बाजूला एका खासगी शाळेच्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून दुसरीतली एक मुलगी खाली पडली आणि त्याच बसखाली तिचा जीव गेला. सारे शहर हादरले. त्यानंतर राज्यात शाळेच्या बससाठी कडक नियम आले. शाळेचे प्रवेशद्वार पाहण्याआधी बसचा तळ पाहावा, हे चेन्नईतले पालक त्या दिवसापासून शिकले.

मधला रस्ता

सरकारी आणि खासगी यांच्या मध्ये चेन्नईत एक तिसरा रस्ताही आहे. तो मैलापूर आणि तिरुवल्लिकेणी, म्हणजे ट्रिप्लिकेन, या जुन्या वस्त्यांतून जातो. कपालीश्वराचे गोपुर आणि तलाव पाहून बाहेर पडले, की जवळच पी. एस. हायस्कूल लागते. मुलींसाठी लेडी शिवस्वामी अय्यर शाळा आहे. ट्रिप्लिकेनमध्ये पार्थसारथी मंदिरापासून चालत थोडे पुढे गेले, की बिग स्ट्रीटवर हिंदू हायस्कूलची जुनी लाल इमारत उभी आहे. १९८३ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९२० च्या दशकात याच शाळेत शिकले.

या अनुदानित शाळा. व्यवस्थापन संस्थेचे आणि शिक्षकांचा पगार सरकारचा. आपल्याकडच्या जुन्या एज्युकेशन सोसायट्यांच्या शाळा आठवाव्यात, तशाच. एके काळी वकील, कारकून, पुजारी आणि किराणा दुकानदार यांची मुले येथे एकाच बाकावर बसत. फी थोडी, शिक्षक जाणते आणि मैदान मोठे. आज या वस्त्यांतल्या सुखवस्तू घरांची मुले सीबीएसई शाळांच्या बसमध्ये चढतात. अनुदानित शाळांत येतात ती मुख्यतः मोलकरीण, रिक्षाचालक, फुलवाले यांची मुले. इमारत आणि मैदान तेच आहे, पण ज्यांच्या तक्रारीला वजन आहे ते पालक तेथून निघून गेले.

चेन्नईत फिरताना ही गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. शाळा घसरली म्हणून पालक गेले, की पालक गेले म्हणून शाळा घसरली, हे सांगणे अवघड होते. नळाला पाणी नाही, शिक्षक रजेवर आहे, शौचालयाचे दार तुटले आहे, हे मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन ठणकावून सांगणारे कोणी उरले नाही, की चांगली शाळाही हळूहळू ढिली पडते. म्हणूनच २०११ मध्ये ईरोडचे जिल्हाधिकारी आर. आनंदकुमार यांनी आपल्या मुलीला तमिळ माध्यमाच्या पंचायत शाळेत घातले, तेव्हा त्याची बातमी राज्यभर झाली. जिल्हाधिकाऱ्याची मुलगी ज्या शाळेत बसते, त्या शाळेचा नळ बंद राहील का?

सहावीचा काटा

अलीकडच्या काळात या तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही वजन पडू लागले आहे. २०१० च्या सुमारास चेन्नई महापालिकेने आपल्या शाळांना 'चेन्नई प्राथमिक शाळा', 'चेन्नई हायस्कूल' अशी नवी नावे दिली. मुंबई महापालिकेने पुढे 'मुंबई पब्लिक स्कूल' केले, त्यातलाच हा प्रकार. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 'समच्चीर कल्वी', म्हणजे समान अभ्यासक्रम, लागू झाला. त्यामुळे मॅट्रिक्युलेशन शाळा आणि सरकारी शाळा यांतली दहावीपर्यंतची पुस्तके एकच झाली. २०१२ पासून सरकारी शाळांत इंग्रजी माध्यमाच्या तुकड्याही निघू लागल्या. म्हणजे पुस्तक तेच आणि माध्यमही तेच. मग फी भरायची ती कशासाठी, असा प्रश्न पालकांना पडू लागला.

खरा बदल २०२० मध्ये झाला. 'नीट' आल्यावर सरकारी शाळांतली वैद्यकीय शाखेला जाणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्या वर्षी राज्याने कायदा करून वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा सरकारी शाळांतल्या मुलांसाठी राखून ठेवल्या. पहिल्याच वर्षी चारशेच्या आसपास जागा त्यांच्या वाट्याला आल्या. २०२१ मध्ये हेच अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांनाही लागू झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारी शाळांतून कॉलेजात जाणाऱ्या मुलींना महिना हजार रुपये देणारी 'पुदुमै पेण' योजना आली. ऑगस्ट २०२४ मध्ये मुलांसाठी 'तमिळ पुदल्वन' आली.

यात एक मेख आहे. या लाभांची मुख्य अट अशी, की मूल सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेले हवे. त्यामुळे पाचवी संपली, की घरात बैठक बसते. आजोबा म्हणतात, खासगी शाळेतून काढू नका, इंग्रजी बिघडेल. वडील म्हणतात, सात वर्षांची फी वाचली तर कॉलेजला उपयोगी पडेल. आईच्या मनात वेगळेच असते. मुलगा डॉक्टर होईलच असे थोडेच आहे? मग केवळ राखीव जागेच्या आशेवर शाळा बदलावी का? मैत्रिणी तुटतील म्हणून मुलगी मुसमुसत असते, ते निराळेच.

मैलापूर-ट्रिप्लिकेनच्या अनुदानित शाळांवर तर यात अन्यायच झाला. वैद्यकीय प्रवेशाच्या राखीव जागा अनुदानित शाळांना मिळाल्या नाहीत. तेथली मुलेही गरिबाचीच, पण शाळेची पाटी सरकारी नाही. 'पुदुमै पेण'चे हजार रुपये तमिळ माध्यमाच्या अनुदानित शाळांतल्या मुलींना मिळू लागले तेही डिसेंबर २०२४ मध्ये.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा गरीब मुलांना खुल्या केल्या, हाही एक दरवाजा. पण २०२५ मध्ये केंद्र आणि राज्य यांच्यातल्या निधीच्या वादात हे प्रवेश महिनोन्महिने रखडले. दुसऱ्याच्या भांडणात आपल्या मुलाचे वर्ष अडकू नये, म्हणून अनेक घरांना हातात येईल ती शाळा धरावी लागते.

मराठी घर चेन्नईत आले, तर

बँक, रेल्वे, मोटार कारखाने आणि ओएमआरवरच्या संगणक कंपन्या यांमुळे मराठी कुटुंबे बदलीवर चेन्नईला येत असतात. त्यांच्यापुढे फीच्या आधी भाषेचा प्रश्न उभा राहतो. तामिळनाडूत १९६८ पासून दोन भाषांचे धोरण आहे. सरकारी शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकवतात, हिंदी नाही. २००६ च्या कायद्याने तमिळ विषय पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि नंतर तो सीबीएसई शाळांनाही लागू करण्यात आला. महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठीसाठी असाच कायदा केला. तेव्हा तक्रार करण्यापूर्वी आपण आपल्याकडे आलेल्या तमिळ मुलाकडून काय अपेक्षा ठेवतो, ते आठवावे.

मूल पहिली-दुसरीत असेल, तर काळजीचे कारण नाही. शेजारच्या मुलांबरोबर खेळता खेळता ते वर्षाच्या आत 'वांग', 'पोंग' करू लागते आणि आईला भाजीवाल्याशी बोलायला मदत करते. मूल सातवी-आठवीत असेल, तर तमिळमधून सूट मिळेल का, त्यासाठी कोठे अर्ज करावा लागेल, हे प्रवेशाआधी शाळेत विचारून घ्यावे. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांना केंद्रीय विद्यालय सोयीचे. शाळा निवडताना घरापासूनचे अंतरही पाहावे. ओएमआरवरून रोज दोन तास बसमध्ये घालवणारे मूल संध्याकाळी पुस्तक उघडण्याच्या स्थितीत नसते. समितीने शाळेला ठरवून दिलेली फी किती, हे विचारायला लाजू नये.

या प्रश्नाला सामोरे जाणारी ही पहिली मराठी घरे नव्हेत. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांच्याबरोबर तंजावरला गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज पुढे मद्रासला येऊन स्थायिक झाले. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाला मदत करण्यासाठी १९१२ मध्ये येथे 'महरट्टा एज्युकेशन फंड' स्थापन झाला. घरात जुन्या वळणाची मराठी, रस्त्यावर तमिळ आणि कचेरीत इंग्रजी असा संसार त्यांनी पिढ्यानपिढ्या केला. तमिळ शिकल्याने त्यांची मराठी गेली नाही.

तांदळातले पहिले अक्षर

चेन्नईतला शाळाप्रवेशाचा सर्वांत सुंदर दिवस जूनमध्ये येत नाही, तो येतो विजयादशमीला. आपल्याकडे पाटीपूजन होते, तसेच येथे ताटात तांदूळ पसरून, लहानग्याचे बोट धरून 'अ' गिरवून घेतात. कोणी देवळात, कोणी घरी, कोणी थेट शाळेत. त्या दिवशी खासगी बालवाड्यांप्रमाणे महापालिकेच्या शाळाही दारे उघडून बसतात. नव्याने नाव घातलेल्या मुलांचे हार-फुलांनी स्वागत होते. नव्या कपड्यातले मूल भांबावून रडू लागते आणि आई त्याच्या हातात मिठाईचा तुकडा देते.

ताटातले तांदूळ सर्वत्र सारखेच असतात. त्यानंतर त्या मुलाला कोणती शाळा घडवील, हे पाटीवरून सांगता येत नाही. चंद्रशेखर यांना घडवणारी शाळा अनुदानित आहे. 'इस्रो'चे अध्यक्ष झालेले के. शिवन कन्याकुमारी जिल्ह्यातल्या आपल्या गावच्या सरकारी शाळेत तमिळ माध्यमातून शिकले. 'गूगल'चे सुंदर पिचाई चेन्नईच्या खासगी शाळेतले. तिघांच्या घरी एक गोष्ट मात्र होती. मुलाच्या अभ्यासाकडे कोणाचे तरी लक्ष होते.

म्हणूनच चेन्नईतल्या जाणत्या आया शाळा पाहायला जातात त्या सुटण्याच्या वेळी. फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत उभे राहायचे. बाहेर येणारी मुले हसत येतात की दमून, शिक्षिकेला पाहून दबकतात की 'बाय मिस' म्हणून हात हलवतात, ते पाहायचे. शेजारी उभ्या असलेल्या आईला विचारायचे, "अक्का, इथे शिकवतात का हो नीट?" शाळेच्या माहितीपत्रकात न सापडणारे उत्तर तेथे मिळते. आणि सरकारी असो वा खासगी, एकदा नाव घातले की त्याच फाटकाशी अधूनमधून उभे राहायचे, आत जाऊन नळाला पाणी आहे का ते पाहायचे. पालक फाटकापाशी दिसत राहिले, की शाळाही जागी राहते.